पळवलेली गाणी

आमच्या कारखान्यात शर्ट तयार व्हायचे. दुसऱ्या मजल्यावर एक लांबलचक हॉल, त्यात चार रांगांत साठ मशिनं, आणि छताच्या चार कोपऱ्यांत चार स्पीकर. माझं मशीन काजांचं. म्हणजे बटणासाठी जी भोकं असतात ती पाडून त्यांच्या कडा दोऱ्याने बांधायच्या. दिवसभर तेच. माझ्या शेजारी जी बसायची ती कॉलर शिवायची. तिचं खरं नाव हजेरीच्या कार्डावर होतं, पण ते वाचायची वेळ कुणावर आली नाही. सगळा मजला तिला ठेकाताई म्हणायचा.

हे नाव मेकॅनिककाकांनी दिलं. काका मशिनं दुरुस्त करायचे, आणि तेव्हा गाणीही तेच लावायचे, घरून आणलेल्या टेपवर. एकदा भर गाण्यात स्पीकरची वायर निघाली. आवाज गेला, टेप मात्र आत फिरतच होती. आम्ही सगळ्या तोंड वर करून छताकडे बघत बसलो. ठेकाताई तेव्हा कापलेल्या कॉलरींचं एक बंडल संपवून पुढच्या बंडलाची वाट बघत होती. तिने वर बघितलंसुद्धा नाही. कात्रीची मूठ टेबलावर हळूच वाजवत राहिली. दोन-अडीच मिनिटांनी काकांनी वायर जोडली, आवाज आला, आणि गाणं नेमकं तिच्या कात्रीच्या ठोक्यावर येऊन पडलं. अर्ध्या मात्रेचाही फरक नाही. काका शिडीवरूनच ओरडले, "ही बाई आहे का ठेका?"

झालं. त्या दिवसापासून ठेकाताई.

तिचे वडील एका ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचे आणि आई घरी शिवणकाम करायची. घर एका खोलीचं. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून वडील रियाज उशीवर करायचे. समोर मुलाला बसवायचे आणि मात्रा मोजायला लावायचे. मुलाचं लक्ष खिडकीबाहेर. मुलगी आईच्या मशीनपाशी बसून धागे कापायची आणि तोंडातल्या तोंडात मोजायची. भावाला शिकवलं आणि हिला आलं, असा प्रकार झाला. मी एकदा विचारलं, "मग तुला का नाही शिकवलं त्यांनी?"

"सुचलं नाही त्यांना."

"वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. मग शिवायला बसले."

एवढंच. 

तिचं काम बघण्यासारखं होतं. कॉलरचं टोक आलं की सुई कापडात रुतवून, मशीनचा पाय उचलून, कापड वळवावं लागतं. तेवढ्या एका वळणात नवख्या मुलींच्या कॉलरी वाकड्या होतात. ठेकाताई ते वळण बरोबर गाण्याच्या समेवर घ्यायची. त्यासाठी धडपड नाही, काही नाही. जिना उतरताना आपण पायऱ्या बघत नाही, तसं. तिच्या कॉलरी तपासणीतून परत येत नसत.

मग नवे साहेब आले. तरुण नाहीत, म्हातारे नाहीत, घाईतले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. त्यांनी पंखे वाढवले, पाण्याचं मशीन आणलं, आणि काकांच्या टेपच्या जागी आपल्या केबिनमध्ये कम्प्युटर बसवला. गाणी काकांचीच ठेवली, क्रमही तोच. रोज सकाळी आठला पहिलं गाणं सुरू व्हायचं आणि यादी ठरल्याप्रमाणे चालायची. इतकी वर्षं तीच यादी ऐकून आम्हाला ती पाठ होती. कुठल्या गाण्यानंतर कुठलं लागणार हे पाण्याचा घोट घेता घेताही सांगितलं असतं.

त्या यादीत माझं एक गाणं होतं. माझं म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचं. कुणाची तरी वाट बघणाऱ्या बाईचं, संथ चालीचं. बहीण माझी वेणी घालताना ते गुणगुणायची, आणि गाण्याच्या नादात वेणी इतकी घट्ट घालायची की माझ्या भुवया वर जायच्या. ती आजारी पडली, सात महिने होती, मग गेली. त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. घरात मी तिच्याविषयी फारशी बोलत नसे, पण रोज सव्वाअकराच्या सुमाराला हॉलमध्ये ते गाणं लागायचं, मी बाहीने डोळे पुसायचे आणि पुढचं काज पाडायचे. मला त्याची सवय झाली होती. खरं सांगायचं तर मला ते हवं असायचं.

साहेब आल्यावर तीन-चार महिन्यांनी ते बंद पडलं. गाणं लागायचं, बाई वाट बघायची, आणि मला काहीच व्हायचं नाही. पहिले दोन दिवस वाटलं, सर्दी असेल. मग भीती वाटायला लागली. बहिणीचा चेहरा मुद्दाम आठवून बघितला. चेहरा आठवायचा, पण आत काही हलायचं नाही. शेवटी एक दिवस जेवताना ठेकाताईला सांगितलं.

"ताई, मी दगड झालेय."

"का गं?"

"ते गाणं लागतं आणि मला काही होतच नाही. आज ते चालू असताना मी संध्याकाळच्या भाजीचा विचार करत होते."

मला वाटलं, पाठीवरून हात फिरवेल. तिने पोळीचा तुकडा हातातच ठेवला आणि विचारलं, "कधीपासून?"

"झाले असतील पंधरा-वीस दिवस."

"उद्या गाणं लागलं की भिंतीवरच्या घड्याळात बघ."

"घड्याळात काय बघायचंय? सव्वाअकराला लागतं ते."

"बघ तर खरं."

मला रागच आला. मी काय सांगतेय आणि हिचं काय चाललंय! पण दुसऱ्या दिवशी बघितलं. गाणं सुरू झालं तेव्हा अकराला तीन मिनिटं कमी होती. मी तिच्याकडे वळले. ती माझ्याकडेच बघत होती.

जेवणाच्या सुट्टीत तिने सगळं सांगितलं. साडेबाराची जेवणाची घंटा पूर्वी यादीतलं नावाड्याचं गाणं चालू असताना व्हायची. आता ते गाणं संपून वर पाच गाणी होतात, मग घंटा होते. तिला हे दोन आठवड्यांपूर्वीच जाणवलं होतं, पण बोलली नाही, कारण तिला वाटलं आपलंच डोकं फिरलंय.

"मधली गाणी काढून टाकली असतील," मी म्हणाले.

"एकही काढलेलं नाही. रोज मोजतेय."

"मग?"

"मग गाणी पळतायत."

"पण आवाज तर तोच आहे. टेप जोरात फिरली की बायकांचा आवाज कसा चिमणीसारखा होतो. तसं काही झालेलं नाही."

"तेच तर कोडं आहे," ती म्हणाली. "कान म्हणतो तेच आहे. पाय म्हणतो नाही."

ठेकाताईचे यजमान टेम्पो चालवायचे, दुकानांतून घराघरांत कपाटं आणि पलंग पोचवायचे. त्यांच्या गाडीत गाण्यांची सोय होती, आणि माझं ते गाणं त्यांच्याकडेही होतं. रविवारी सकाळी आम्ही तिघं दारात उभ्या असलेल्या टेम्पोच्या केबिनमध्ये चढून बसलो. मी खिडकीपाशी, ती मध्ये. जाणारे-येणारे बघत होते की ही मंडळी बसलीत तर जात का नाहीत. तिने यजमानांचं मनगट धरून त्यांचं घड्याळ आपल्यासमोर घेतलं.

"हात तरी सोड, मी घड्याळ काढून देतो," ते म्हणाले.

"हलू नका. लावा गाणं."

गाणं सुरू झालं. ती गुडघ्यावर बोटाने ठोके मोजत होती. मी मोजायला विसरले. दुसऱ्या ओळीच्या शेवटी ती बाई थांबते, श्वास घेते, आणि तेवढ्या जागेत नुसता ड्रमचा एक मऊ ठोका पडतो. तो ठोका मी कितीतरी दिवसांत ऐकलाच नव्हता. कारखान्यात त्या जागी आता श्वास घ्यायला वेळच नव्हता, तिची वाट बघून होण्याआधीच पुढची ओळ येऊन आदळायची. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. यजमान बिचारे अवघडले. समोरची काच स्वच्छ होती, तरी फडकं घेऊन पुसायला लागले.

"बाहत्तर," ठेकाताई म्हणाली. "एका मिनिटात बाहत्तर." मग माझ्याकडे बघून, "दगड झालीस म्हणे."

सोमवारी तिने हॉलमधल्या घड्याळावर तेच गाणं मोजलं. एकोणऐंशी.

ती सरळ मेकॅनिककाकांकडे गेली. काकांची खोली म्हणजे जिन्याखालची अडीच माणसं मावतील एवढी जागा. त्यांनी आधी इकडचं तिकडचं केलं, मग दार लोटून घेतलं. "मला गेल्या आठवड्यात कळलं," ते म्हणाले. "कम्प्युटर अडकला म्हणून साहेबांनी बोलावलं होतं. त्यात तशी सोय असते. आवाज तोच ठेवून टेम्पो, म्हणजे गाण्याचा वेग, वाढवता येतो. थोडा थोडा करत त्यांनी वाढवत नेलाय. बोललो नाही मी. माझी तीन वर्षं राहिलीत नोकरीची."

मग त्यांनी स्वतःहूनच सुयांची वही काढली. आमच्याकडे सुई तुटली की तिचे सगळे तुकडे शोधून काकांना द्यावे लागतात, तेव्हा नवी मिळते. एखादा तुकडा शर्टात राहिला तर घालणाऱ्याच्या मानेत घुसायचा. काका ते तुकडे चिकटपट्टीने वहीत लावून ठेवायचे. पूर्वी एक पान भरायला आठवडा लागायचा. आता तीन दिवसांत भरत होतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना ठेकाताईने सगळ्यांना सांगितलं की साहेबांनी टेम्पो वाढवलाय. कापडाच्या कडा बांधणाऱ्या ओव्हरलॉकच्या मशीनवरची एक जाडजूड, हसरी बाई होती. ती म्हणाली, "म्हणजे तुमच्या मिस्टरांनी दुसरी गाडी घेतली?" सगळ्या खो खो हसल्या. ठेकाताईही हसली, आणि मग तिने दोन डब्यांची झाकणं घेऊन आधी जुन्या वेगात, मग नव्या वेगात तेच गाणं वाजवून दाखवलं. हसणं हळूहळू थांबलं. एक जण म्हणाली, "तरीच माझा खांदा." दुसरी म्हणाली, "मी घरी जाऊन पोरांवर खेकसते, मला वाटायचं वय झालं." पण सगळ्यांना तसं वाटलं असं नाही. ओव्हरलॉकवाली म्हणाली, "पळू देत की. दिवस लवकर संपतो."

"दिवस तेवढाच असतो, बाई," ठेकाताई म्हणाली. "घंटा घड्याळावर होते, गाण्यावर नाही."

साहेबांकडे आम्ही दोघी गेलो. काकांनी वही दिली, स्वतः आले नाहीत.

"साहेब, गाणी पूर्वीच्या वेगाने लावा," ठेकाताई म्हणाली.

साहेबांनी एकदा कम्प्युटरकडे बघितलं, एकदा आमच्याकडे. "वेग बदललाय असं कोण म्हणालं?"

"बाहत्तरचे एकोणऐंशी केलेत तुम्ही."

"कशावर मोजलंत? फोन तर गेटवर जमा करता ना तुम्ही?"

"पाय नाही जमा करत."

साहेब हसले. अगदी मनापासून हसले, आणि मग लपवायचं काही राहिलं नाही म्हणून सरळ बोलले. "दर आठवड्याला थोडंसंच वाढवलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. काम मात्र वाढलं. मी कुणावर ओरडलो का? टार्गेट वाढवलं का? गाणीच तर लावली."

"टार्गेट वाढवलं असतंत तर बरं झालं असतं," ठेकाताई म्हणाली. "आम्ही हो म्हटलं असतं, नाही म्हटलं असतं, भांडलो असतो. हे तुम्ही आमच्या अंगात शिरून वाढवलंत. ही बाई तीन आठवडे स्वतःला दगड समजत होती."

साहेबांना दगडाचं काही कळलं नाही. तिने सुयांची वही त्यांच्यासमोर उघडून ठेवली. त्यांनी पानं उलटली. चेहरा उतरला, पण त्याचबरोबर चिडलेही. माणूस पकडला गेला की चिडतो.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मग गाणीच नकोत. वेगही नको, तक्रारही नको." आणि त्यांनी तिथल्या तिथे बटण दाबलं. आम्ही केबिनच्या बाहेर आलो तेव्हा हॉलमध्ये नुसती मशिनं चालू होती.

गाण्यांशिवायचा तो हॉल मी पहिल्यांदाच ऐकला. साठ मशिनं, प्रत्येकाचा घर्रर्र वेगळा, कुणाचा कुणाशी मेळ नाही. एक थांबतंय, दोन सुरू होतायत. तासाभरात डोकं उठायचं. पूर्वी गाण्यामुळे आमचे पाय आपोआप एकत्र पडायचे आणि हे आम्हाला माहीतही नव्हतं. आणि राग कुणावर निघाला? साहेबांवर नाही. ठेकाताईवर. "चांगली चालली होती गाणी," "हिलाच काय ते कळतं," "झाकणं वाजवायची हौस." ओव्हरलॉकवालीने तर तोंडावर सांगितलं, "तुमच्या पायापायी आमचे कान गेले."

ठेकाताई एकटी जेवायला लागली. लाज वाटते सांगायला, पण मीही दोन दिवस दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी परत गेले. ती बाकावर थोडी सरकली.

अकरा दिवस असे गेले. बाराव्या दिवशी साहेब स्वतः आमच्या रांगेत आले आणि तिच्या मशीनपाशी उभे राहिले. तिने हातातली कॉलर पूर्ण केली, धागा कापला, मग वर बघितलं.

"काम पहिल्यापेक्षाही खाली गेलंय," ते म्हणाले.

"जाणारच."

"मग? जुनीच यादी लावू, जुन्या वेगाने?"

कुणीही हो म्हटलं असतं. ठेकाताई म्हणाली, "नको. ती यादी काकांनी आवडीने केली होती, कामासाठी नाही. मला करू द्या. तीन आठवडे चालवून बघा, मग आकडे तुम्हीच तपासा. एकच अट आहे. जे लावाल ते सांगून लावायचं."

शनिवारी अर्धा दिवस असायचा. सुटल्यावर आम्ही तिघं काकांच्या जिन्याखालच्या खोलीत बसलो: काका, ती आणि लिहायला मी. काकांना आपली यादी मोडली जातेय याचं वाईट वाटत होतं, पण तेवढंच कौतुकही होतं. साहेब दारात उभे राहून ऐकत होते. आत यायला जागाच नव्हती.

त्या दुपारी मला जे कळलं ते आधी कुणी सांगितलं नव्हतं. तिने काकांना दोन गाणी लावायला सांगितली. एक ऐकून मला वाटलं धावत सुटावं, दुसरं ऐकून वाटलं टेकून बसावं. "यातलं जोरात कुठलं?" तिने विचारलं. काका, साहेब आणि मी, तिघांनीही पहिल्याकडे बोट दाखवलं. "मोजा," ती म्हणाली. साहेबांनी फोनवर मोजलं. दोन्हींचा वेग एकच निघाला.

"पहिल्यात ड्रमवाला रिकामी जागाच ठेवत नाही," ती म्हणाली, आणि सुयांच्या डबीवर बोटांनी वाजवून दाखवलं. "दोन ठोक्यांच्या मध्ये आणखी तीन घुसवतो. दुसऱ्यात एक ठोका देतो आणि पुढच्याची वाट बघायला लावतो. वेग वेगळा, घाई वेगळी. तुम्ही वेग वाढवलात, साहेब, पण आमच्या वाट्याला आली ती घाई."

मग गाणी झुलणारी आणि चालणारी अशी वेगळी झाली. सहा मात्रांची झुलतात, त्यांत पाय एकदा डावीकडे कलतो, एकदा उजवीकडे. ऐकायला गोड, पण शिवायला बसलं की टाका डुलतो. आठ मात्रांची सरळ चालतात. सहा मात्रांची तिने सगळी चहाच्या आणि जेवणाच्या सुट्टीत टाकली. सकाळी आठला फार उड्या मारणारं काही नको म्हणाली, अंग अजून घरातच असतं. जेवणानंतर डोळे मिटायला लागतात, तिथे जोरकस ठेक्याची, पण रिकाम्या जागा असलेली गाणी घातली. आणि शेवटच्या तासात संथ गाणी.

"शेवटी तर रेटायला हवं," साहेब दारातून म्हणाले.

"शेवटच्या तासात हात आपणहून पळतो, साहेब. घर दिसत असतं. बहुतेक सुया तेव्हाच तुटतात, काकांना विचारा. तिथे धरून ठेवणारं गाणं लागतं."

काकांनी मान हलवली. साहेबांनी स्वतःच्या फोनमध्ये काहीतरी लिहून घेतलं.

शेवटी माझ्या गाण्याची पाळी आली. मी कागदावर सव्वाअकराची जागा मोकळीच ठेवली होती. ठेकाताई म्हणाली, "ते नाही घ्यायचं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कुठलं नाही घ्यायचं?"

"तुझं. ते लागलं की सगळी रांग मंदावते. काकांच्या वेळेपासून मंदावायची, तुला दिसलं नाही, कारण तू डोळे पुसत असायचीस. ते काम करताना ऐकायचं गाणंच नाही."

"शेवटच्या तासात घाल मग. तिथे संथ चालतात म्हणालीस ना."

"तिथली संथ आहेत, पण चालतात. हे थांबवतं."

मी पेन खाली ठेवलं. काका छताकडे बघायला लागले. या सगळ्या भानगडीची सुरुवात माझ्या गाण्यापासून झाली होती, आणि आता यादी हातात आल्यावर हिने पहिलं माझंच गाणं काढलं. मी तसं म्हणालेही, जरा मोठ्यानेच म्हणाले.

"साठ जणींनी रोज तुझ्या बहिणीसाठी थांबायचं का?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "घरी ऐक. हातात काही न घेता ऐक. ते गाणं तेवढं मागतं."

मी त्या दिवशी तिच्याशी न बोलता घरी गेले. आठ-दहा दिवस धुसफूस चालली माझी. मग एका रविवारी नवरा आणि मुलं बाहेर गेलेली असताना मी ते गाणं लावलं आणि खुर्चीवर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. आधी कधी असं ऐकलं नव्हतं. तिसरं कडवं आहे हेच मला माहीत नव्हतं. कारखान्यात त्या वेळी नेहमी बंडल बदलायचं असायचं. सोमवारी मी ठेकाताईच्या बाकावर जाऊन बसले आणि आम्ही दुसऱ्याच विषयावर बोललो.

तीन आठवड्यांनी साहेबांनी आकडे काढले. काम जुन्या दिवसांपेक्षा थोडं वर गेलं होतं, पळवलेल्या गाण्यांइतकं मात्र नाही. साहेबांचं तोंड जरा वाकडं झालं. पण उसवून पुन्हा शिवायला येणारे शर्ट निम्म्यावर आले होते, आणि काकांच्या वहीचं पान आठ दिवस पुरलं. ते "बरं" एवढंच म्हणाले. त्यांच्या भाषेत ते खूप होतं. यादी एका कागदावर छापून दारापाशी लावली गेली, कुठलं गाणं किती वाजता. अट म्हणजे अट. कुणाला एखादं नको असलं तर ती खाली लिहायची. ओव्हरलॉकवालीने पहिल्याच दिवशी लिहिलं, "सगळं चालेल, बंद नको."

ठेकाताईने त्यानंतर पाच वर्षं ती यादी सांभाळली. दर दोन महिन्यांनी थोडी बदलायची. म्हणायची, पायाला सवय झाली की गाणं मरतं. साहेब दुसऱ्या कारखान्यात बढतीवर गेले. तिथून त्यांनी एकदा फोन करून तिला विचारलं की बॅगा शिवणाऱ्या मशिनांना कसली गाणी लावू. तिने आधी विचारलं, मशीन किती जड आहे आणि टाका किती लांब. अर्धा तास बोलत होते दोघं.

मग तिच्या बोटांचे सांधे धरायला लागले. कॉलरचं वळण घेताना अंगठा अडायचा. एक दिवस तिची एक कॉलर परत आली. तिने ती उलटसुलट करून बघितली, उसवली, नीट शिवली, आणि महिन्याभरात नोकरी सोडली. निरोपाचं भाषण वगैरे तिने करू दिलं नाही.

आता ती घरीच लहानसहान शिवण घेते. कुणाची पँट आखूड करायची, कुणाची चेन बदलायची. मी अधूनमधून जाते. खिडकीखाली मशीन आहे, शेजारी बटणांचे डबे, भिंतीला यजमानांची खुर्ची. तेही आता गाडी चालवत नाहीत. मागच्या वेळी गेले तेव्हा ती एका मुलीच्या शाळेच्या गणवेशाच्या बाह्या लहान करत होती. घरात चिटपाखरू नसल्यासारखी शांतता. यजमानांनी मला बघून उत्साहाने विचारलं, "गाणं लावू का?"

"नको हो," ती म्हणाली. "एकच बाही राहिलीय."

तिने चष्मा सारखा केला, बाही सुईखाली सरकवली आणि मला म्हणाली, "बस गं. एवढं संपलं की चहा टाकते."